सोमवारचा बाजार : वडगाव ते इस्तंबूल

आज सोमवार. वडगावकरांना वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसातला पिशवी घेऊन बाहेर पडलो. मेथीची जुडी उचलली आणि सवयीनं विचारलं, "दहाला देता काय?" मावशी म्हणाल्या, "भवानीची वेळ हाय दादा, आत्ता घासाघीस नको. पंधरा द्या आन् हसत घ्या." मी पंधरा दिले. मावशींनी नोट कपाळाला लावली, तराजूच्या पारड्याला टेकवली आणि मग कमरेच्या पिशवीत सारली.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तिचा पैसा कपाळाला लावायचा, त्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवायचं नाही, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पण हीच रीत मी आणखी एका गावात बघितली आहे. ते गाव इथून जवळजवळ पाच हजार किलोमीटर लांब आहे. इस्तंबूल. त्याबद्दल आणि आपल्या सोमवारच्या बाजाराबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. पोस्ट मोठी आहे. बाजार उरकून, चहा घेऊन निवांत वाचा.

कॉमेंटमध्ये कुणी लिहायच्या आधी सांगून टाकतो. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडे तुर्कस्तानावर बहिष्काराची हाक आली, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, हे सगळं मला माहीत आहे. माझी ट्रिप त्याच्या आधीची, २०२३ च्या ऑक्टोबरातली. मेहुणा जर्मनीत नोकरीला आहे, त्यानं तिकिटं काढली, म्हणून मी आणि बायको पाच दिवस जाऊन आलो. नाहीतर तालुक्याच्या पत्रकाराला इस्तंबूल कुठलं? आणि मी लिहितोय ते तिथल्या सरकारबद्दल नाही. बाजाराबद्दल लिहितोय. सरकारं बदलतात, बाजार राहतात. आजच्या पोस्टचा विषयच तो आहे.

तर इस्तंबूलचा मोठा बाजार. तिकडे त्याला 'कपाली चार्शी' म्हणतात, म्हणजे छप्पर असलेली बाजारपेठ. १४५३ साली सुलतान दुसऱ्या मेहमदानं ते शहर जिंकलं आणि दोन-तीन वर्षांतच बाजाराचं बांधकाम काढलं. आधी एक भक्कम दगडी इमारत उभी राहिली. घुमटांची, लोखंडी दारांची. तिला 'बेदेस्तेन' म्हणत. रेशीम, दागिने असला मोलाचा माल तिथं ठेवायचा आणि रात्री कुलपं लावायची. गावातले लोकही आपले दागिने, पैसे तिथं ठेवायला द्यायचे, म्हणजे एका अर्थी बँकच. मग तिच्या भोवती गल्ल्या वाढत गेल्या, गल्ल्यांवर छप्पर आलं. आज साठेक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं एका छपराखाली आहेत.

आत शिरल्यावर मला पहिल्यांदा कोल्हापूर आठवलं. खोटं नाही सांगत. आपल्याकडे गुजरीत सोनं, चप्पल लाईनीत चप्पल, कुंभार गल्लीत गणपती. तिथंही तसंच. एक गल्ली रजई शिवणाऱ्यांची, एक सपाता करणाऱ्यांची, एक सोनारांची. मुख्य रस्त्याचं नाव 'टोप्या करणाऱ्यांचा रस्ता', आणि आज तिथं सगळी सोन्याची दुकानं! धंदा बदलला तरी नाव तसंच राहिलंय. आपल्याकडेही कित्येक गल्ल्यांचं असंच झालंय.

आता खरेदी. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाचं तिथं काय होतं ते ऐका. चेहरा बघून पोरं हाक मारतात, "नमस्ते! शाहरुख खान!" मग आत बोलावतात, कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या ग्लासात बिनदुधाचा चहा देतात. चहा प्यायला म्हणजे घेतलंच पाहिजे असं नाही, पण आपल्याला संकोच होतो आणि नेमकं तेच त्यांना हवं असतं. बायकोला निळ्या काचेचे डोळ्यासारखे मणी घ्यायचे होते. तिकडे दारावर, गाडीत, बाळाच्या झबल्यावर ते लावतात. कशासाठी? नजर लागू नये म्हणून. आणि त्याला म्हणतातही 'नझर'च. आपण लिंबू-मिरची बांधतो, ते मणी बांधतात.

दुकानदारानं जो भाव सांगितला त्याच्या निम्मा बायकोनं सांगितला. तो छातीवर हात ठेवून मागं सरकला. बायको उठली. त्यानं परत बोलावलं. शेवटी साठ टक्क्यांवर मिटलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "वडगावच्या बाजारात शिकलेलं फुकट नाही गेलं." पण दोन चौक पुढं तेच मणी आम्ही दिलेल्या भावाहून स्वस्त टांगलेले होते. तेव्हा कुणी जाणार असाल तर पहिल्या दुकानात काही घेऊ नका, आधी एक चक्कर मारा. आणि रविवारी जाऊ नका, त्या दिवशी तो बाजार बंद असतो.

हे सगळं मजेचं झालं. मला विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

मी आमच्या गाईडला विचारलं, एवढा मोठा बाजार सुलतानानं बांधला तो कशाला? तर तो म्हणाला, मशिदीसाठी. मला वाटलं भाषेचा घोटाळा झाला. मग त्यानं नीट सांगितलं, आणि परत आल्यावर मी वाचूनही काढलं. बेदेस्तेनमधल्या गाळ्यांचं भाडं आया सोफियाला जोडून दिलेलं होतं. याला वक्फ म्हणतात. म्हणजे एखादी मिळकत कायमची धर्मादाय करून टाकायची आणि तिच्या उत्पन्नातून ठरलेलं काम चालवायचं. दुकानांच्या भाड्यावर मशिदीची डागडुजी, दिवाबत्ती, नोकरांचे पगार चालायचे. मोठ्या मशिदींच्या आवारात तर शाळा, दवाखाना, गोरगरिबांना जेवण देणारी मुदपाकखानं असायची, तीही अशाच उत्पन्नावर.

मसाल्याच्या बाजाराचीही तीच गोष्ट. त्याला तिकडे 'मिसर चार्शी' म्हणतात, म्हणजे इजिप्तचा बाजार. १६६० च्या दशकात तो बांधला. शेजारीच 'नवी मशीद' आहे, तिच्या खर्चासाठीच तो उभा केला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला त्याच सुमाराला. आज तिथं लाल मिरचीच्या भरडीचे ढीग, केशर, सुकी अंजिरं, जिरं यांचा वास नाकात बसतो. मिरची बघून मी विचारलं, तिखट आहे का? तो म्हणाला फार तिखट. चव घेतली. संकेश्वरी मिरची खाल्लेल्या माणसाला त्यात काय विशेष?

सांगायचा मुद्दा असा की बाजार आणि सार्वजनिक सोयी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्या लोकांना वाटलंच नव्हतं. बाजारातून पैसा येणार, तो गावाच्या कामाला जाणार, आणि त्यातलाच काही बाजार नीट ठेवायला वापरला जाणार. आगी लागल्या, १८९४ साली भूकंपानं मोठा बाजार पार मोडून पडला, १९५४ साली पुन्हा भयंकर आग लागली. प्रत्येक वेळी तो परत उभा केला. कारण तो नुसता दुकानदारांचा नव्हता, गावाचा होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्याच्या तुळशीबागेत आधी राममंदिर आहे आणि त्याच्या भोवती बाजार. कोल्हापुरात अंबाबाईचं देऊळ आहे म्हणून महाद्वार रोड आहे. देऊळ तिथं जत्रा, जत्रा तिथं बाजार, हे आपणही जाणतो.

आणि शब्द तर बघा. आपण म्हणतो दुकान, ते म्हणतात द्युक्कान. आपला सराफ, त्यांचा सार्राफ. आपला तराजू, त्यांचा तेराझी. आपला हिशेब, त्यांचा हेसाप. आपली बरकत, त्यांची बेरेकेत. फारसी-अरबीतले हे शब्द एका वाटेनं तिकडे गेले आणि दुसऱ्या वाटेनं आपल्याकडे आले. व्यापारी, घोडे, कापड, मसाले यांच्याबरोबर.

भवानीला तिकडे 'सिफ्ताह' म्हणतात. दुकानदार सकाळचा पहिला पैसा कपाळाला लावतो, कुणी जमिनीवर टाकून उचलतो. पहिली विक्री तुझ्याकडून, बरकत देवाकडून, असं म्हणायची पद्धत आहे. जुन्या व्यापाऱ्यांबद्दल एक गोष्ट तिकडे सांगतात. ज्याची सिफ्ताह झाली तो पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "शेजाऱ्याकडे जा, त्याची अजून व्हायची आहे." किती खरी, किती वाढवलेली, देवाला ठाऊक. पण आपल्या बाजारातही मी हे बघितलंय. आपली कोथिंबीर संपत आली की मावशी शेजारणीकडे बोट दाखवते, "तिच्याकडं घ्या, तिची बी चांगली हाय."

एका शब्दानं मात्र मला टोचलं. किराणा-भाजीच्या दुकानदाराला तुर्कीत म्हणतात 'बाक्काल'. प्रत्येक गल्लीत एक बाक्काल, मानाचा माणूस, महिन्याच्या उधारीची वही ठेवणारा. आपल्या जुन्या मराठीतही 'वाणी-बकाल' असा शब्द आहे, म्हणजे किरकोळ व्यापारी. आणि आज आपण 'बकाल' कशाला म्हणतो? घाणेरड्या वस्तीला. उच्चार तोच. तिकडे तो मान झाला, इकडे शिवी झाली.

तिसऱ्या दिवशी बुधवार होता. आम्ही फातिह नावाच्या जुन्या भागात गेलो. तिथं पर्यटक फार नसतात. तिथल्या एका मोहल्ल्याचं नावच 'चार्शांबा' आहे, म्हणजे बुधवार. का? तर दर बुधवारी तिथं बाजार भरतो म्हणून. पुण्याची बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, कोल्हापूरची मंगळवार पेठ, शनिवार पेठ आठवली की नाही? आणखी एक गंमत. तुर्कीत रविवारला म्हणतात 'पाझार', म्हणजे बाजार. बाजाराचा वार तोच रविवार. आणि सोमवारला म्हणतात 'पाझारतेसी', बाजाराचा दुसरा दिवस. वडगावकराला हे कसं पटावं? आपला तर सोमवार हाच बाजार!

तो बुधवारचा बाजार बघून मला इस्तंबूल खरं भेटलं असं वाटलं. छप्पर असलेल्या मोठ्या बाजारात आता पर्यटकच जास्त. इथं मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी छतं बांधलेली. खाली वांगी, टोमॅटो, जैतून, चीज, मोज्यांचे ढीग, स्टीलची भांडी. चाकांच्या पिशव्या ओढत आलेल्या बायका. काठीला खोचलेल्या पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला, त्यामुळे घासाघीस फारशी नाही. त्या वर्षांत तिकडे महागाईनं कहर केला होता. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारी आकडाच पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेला होता. बायका पुठ्ठ्यावरचा भाव वाचून पुढं जायच्या, पुन्हा मागं यायच्या. तो चेहरा ओळखीचा होता. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आपल्या बाजारातही तो दिसतो.

आणि वाहतूक? बुधवारी त्या गल्ल्यांत गाडी नाही. तिथल्या लोकांना माहीत असतं, ते आदल्या रात्री गाडी दुसरीकडे लावतात. कुणी हॉर्न वाजवताना दिसला नाही.

आता वडगावला परत येऊ.

महाराष्ट्रात वडगावं किती आहेत त्याला गणती नाही. आपलं कुठलं? तर 'पेठ' वडगाव. म्हणजे गावाची ओळखच बाजारपेठ आहे. नावात किल्ला नाही, देव नाही, नदी नाही. पेठ आहे.

आपल्या गावाचा इतिहास म्हटलं की आपण सेनापती धनाजीराव जाधवांची समाधी दाखवतो, आणि दाखवायलाच हवी. संताजी-धनाजी ही जोडी नसती तर राजाराम महाराजांच्या काळात स्वराज्य कसं तगलं असतं, हा प्रश्न आहे. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, धनाजीराव त्यांच्या बाजूला गेले आणि १७०८ साली इथं वारले. पुढं सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, भांडणं झाली, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणा नदी ही दोन राज्यांची हद्द ठरली. त्या तहात थोडीच कलमं आहेत, पण त्यातलं एक आपल्याबद्दल आहे, ते फार कुणाला ठाऊक नसतं. वडगावचं ठाणं पाडून टाकावं, असं ते कलम सांगतं.

विचार करा. दोन छत्रपती तहाला बसतात, तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतच्या मुलखाची वाटणी ठरवतात, आणि त्यात वडगावच्या ठाण्याचं नाव निघतं. एवढं ते महत्त्वाचं होतं. पण आज ते ठाणं दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता यायचं नाही. सोमवारचा बाजार मात्र शाळेतलं पोरगंही डोळे मिटून दाखवेल.

मराठ्यांच्या काळात पेठ वसवायची म्हणजे काय करायचे? राजा किंवा सरदार कौल द्यायचा. या, दुकान घाला, इतकी वर्षं कर माफ, नंतर हळूहळू वाढवत नेऊ. पेठेत शेटे आणि महाजन असे वतनदार असायचे. बाहेरच्या व्यापाऱ्याला बोलावून आणणं, वसवणं, वजनमापांवर आणि भावावर नजर ठेवणं, तंटे मिटवणं ही त्यांची कामं, आणि त्याबद्दल दुकानांकडून त्यांना हक्क मिळायचा. म्हणजे बाजार आपोआप भरत नाही, तो कुणीतरी सांभाळावा लागतो, ही अक्कल त्या काळातल्या राज्यकर्त्यांना होती. इस्तंबूलच्या सुलतानाला होती आणि आपल्याकडच्यांनाही होती.

मग १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे आली. ती हातकणंगले, रुकडीवरून गेली. वडगाव बाजूला राहिलं. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, १९१७ साली जयसिंगपूर वसवलं. तीही पेठ वसवण्याचीच जुनी रीत, नव्या काळात. रेल्वेजवळच्या पेठा वाढल्या, मोठा व्यापार तिकडे गेला. पुढं हमरस्ता आला, तोही वाठारवरून गेला. एवढं होऊनही वडगावचा सोमवार मोडला नाही. जनावरांचा बाजार राहिला, भाजी राहिली, मिरची-शेंगा राहिल्या. भादोले, अंबप, घुणकी, खोची, किणी, लाटवडे, मिणचे, सगळीकडची माणसं सोमवारी इथंच येतात. नुसती विकायला-घ्यायला नाही. पोरीचं स्थळ बघायला, डॉक्टरला दाखवायला, सोसायटीचं काम करायला, कुठल्या गावात पाऊस किती झाला ते ऐकायला.

रेल्वे आणि हायवे दोन्ही चुकले तरी जो बाजार टिकला, तो कशावर टिकला? दर सोमवारी पहाटे उठून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बायकांवर. त्यातली एक माझी आजी होती. वारणाकाठच्या गावातून शेंगा घेऊन यायची. माझ्या बापाची पाटी-दप्तर त्या शेंगांवर झालं, आणि मग माझा डिप्लोमा.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहितो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, नुकताच पत्रकारितेत आलो होतो. दुसऱ्या एका तालुक्यात वार्ताहर होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या आठवडी बाजाराबद्दल मी बातमी केली. 'आठवडी बाजाराचा विळखा, वाहनधारक हैराण' असं शीर्षक दिलं. फोटोसह तीन कॉलम. फार कौतुक झालं. वाहनधारकांशी बोललो होतो, रिक्षावाल्यांशी बोललो होतो, पक्क्या दुकानवाल्यांशी बोललो होतो. खाली बसलेल्या एकाही बाईशी बोललो नव्हतो.

महिनाभरानं बाजार गावाबाहेरच्या एका माळावर नेला. पावसाळा होता. चिखल, सावली नाही, एसटी स्टँड लांब. गिऱ्हाईक फिरकलं नाही. दोन-अडीच महिन्यांनी बाजार पुन्हा मूळ जागी आला, पण सगळे परत आले नाहीत. एक म्हातारी कोथिंबीर विकायची. ती मला एसटी स्टँडवर भेटली. तिला माहीत होतं बातमी मी लिहिली ते. ती म्हणाली, "तुमच्या गाडीला धा मिनिटं उशीर हुईत हुता पोरा. माझा आठवडा गेला."

शेंगा विकणाऱ्या बाईचा नातू मी. मला हे वाक्य ऐकायला लागलं.

म्हणून आज कुठल्याही गावात बाजार बाहेर हलवायची भाषा सुरू झाली की मी कान टवकारतो. चहाच्या टपरीवर ही चर्चा दर दोन-तीन महिन्यांनी निघतेच, आणि वाहतुकीचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. ॲम्ब्युलन्सला वाट मिळालीच पाहिजे, फायर ब्रिगेडची गाडी गेलीच पाहिजे. पण त्यावरचा उपाय बाजार उठवणं हा एकच नाही. बाजाराच्या दिवसापुरता एकेरी रस्ता, चुन्याची रेघ मारून सोडलेली मोकळी पट्टी, गाड्या लावायला ठरलेली जागा, असे उपाय स्वस्तात होतात. आठवड्यातले सहा दिवस रस्ता गाड्यांचा आहे. एक दिवस तो पाटीवाल्यांचा असला तर काय बिघडतं?

आणि हे नुसतं भावनेचं नाही. कायद्यात आहे. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांसाठी कायदा केला, उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं नियमन असं त्याचं नाव. त्यात 'नैसर्गिक बाजार' अशी कल्पना आहे, म्हणजे जिथं विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आले आहेत अशी जागा. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पुढं म्हटलंय की अशा ज्या बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ पथविक्रेते धंदा करत आलेत, तो 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना दुसरीकडे हलवू नये.

पन्नास वर्षं! आपल्याकडे तीन पिढ्या सोडा, गावाच्या नावातच पेठ आहे.

याच कायद्यात शहराची पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात निदान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते असले पाहिजेत, आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश महिला. म्हणजे मेथी विकणाऱ्या मावशींना त्या टेबलाशी खुर्ची आहे. मी तीन कॉलमांच्या बातमीत जी चूक केली, ती होऊ नये म्हणूनच ही तरतूद.

आपण वारसा म्हटलं की गड-किल्ले बघतो. गडावर सेल्फी काढतो, खाली उतरून मॉलमध्ये जातो. इस्तंबूलला लाखभर रुपये खर्चून जुना बाजार बघायला जातो आणि फोटो टाकतो, मीही टाकले. पण सोमवारी आपल्या दारात भरणारा बाजार आपल्याला अडचण वाटतो. तिकडच्या मोठ्या बाजारासारखं आपल्याला व्हायचं नाही. पर्यटकांना मणी विकायची दुकानं आपल्याला नको आहेत. आपल्याला तो बुधवारचा बाजार हवा आहे, जिथं गावची माणसं गावच्या माणसांकडून वांगी घेतात.

शेवटी माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. वाद घालायचा तर घाला, पण वाचून घाला.

एक. सोमवारच्या बाजाराची नोंद करू या. कोण कुठं बसतं, कुठल्या गावाहून येतं, किती पिढ्या येतं. शाळा-कॉलेजच्या पोरांनी वही घेऊन चार सोमवार फिरलं तरी होईल. पन्नास वर्षं सिद्ध करायची तर कागद लागतो, आणि तो आपणच तयार करायला हवा. घरात जुन्या पावत्या, जुने फोटो, जनावरांच्या खरेदीचे दाखले असतील तर फेकू नका.

दोन. त्या नोंदीवरून वारसा बाजाराची मागणी रीतसर अर्ज करून करू या. पक्ष-गट बाजूला ठेवून. निवडणुकीत प्रत्येक उमेदवार बाजारात हात जोडून फिरतो, त्याला हा एक प्रश्न विचारा : बाजार इथंच राहणार ना?

तीन. पाचशे वर्षांपूर्वीची ती वक्फची युक्ती. बाजारात बसणारा प्रत्येक जण जागेची पावती फाडतो. त्या पैशाचा ठरावीक हिस्सा बाजारावरच खर्च व्हावा असा नियम कुठल्याही गावानं करायला हरकत नाही. सावली, पिण्याचं पाणी, आणि बायकांसाठी स्वच्छ संडास. पहाटे पाचला घर सोडून संध्याकाळी सातला परतणारी बाई दिवसभर पाणी का पीत नाही, हे घरातल्या बाईला विचारा. ती सांगेल.

दुपारी बाजारातून परत येताना पुन्हा त्याच मावशींपाशी थांबलो. पाटी रिकामी होत आली होती. म्हटलं, "मावशी, किती वर्षं बसताय इथं?" त्या म्हणाल्या, "मी तीस वर्सं. माझ्या आधी सासू बसायची. तिच्या आधी तिची सासू." आणि मग हसून म्हणाल्या, "का हो, उठवत्यात काय?"

मी नाही म्हटलं. ते खरं ठरवायचं काम आता आपल्या सगळ्यांचं आहे.

तुमच्या घरातलं कोण सोमवारी बाजारात बसायचं? काय विकायचं, कुठं बसायचं? खाली लिहा. नोंद इथूनच सुरू करू.